आकाशातला राजवाडा आणि पर्लकोटेचा पूर : अजस्र विमानाच्या मोहाविरुद्ध

१/
२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची सायंकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटत्या लोळांची एक रांग सरकत गेली. पुष्कळांना तो उल्कावर्षाव वाटला. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आढळले. पुढे परिसरात धातूचे पोकळ गोळेही सापडले. चिनी अग्निबाणाच्या एका टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले.

२/
चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांचा हवाई इतिहास एका वाक्यात सांगायचा तर असा : आकाशातून येथे जे मोठे उतरले, ते न बोलावता उतरले. जे बोलावले, ते अद्याप आलेले नाही.
आजचा धागा त्या बोलावण्याविषयी आहे. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे ‘आंतरराष्ट्रीय विमानतळ’ येतो, आणि त्या भाषणांच्या मागच्या फलकावर हटकून एक दुमजली, चार इंजिनांचे विमान असते. त्या चित्रातल्या विमानाची खरी कहाणी आज पाहू.

३/
माझे म्हणणे आरंभीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणाला चकवा बसू नये.
एअरबस ए-३८० हे अभियांत्रिकीचे थोर काम आहे. पण ते एका चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर होते. ‘क्षमता’ म्हणजे ‘आकार’ असे मानल्याने ती चूक झाली. तीच चूक आपण आपल्या जंगलात, आपल्या पैशाने आणि आपल्या रुग्णांच्या जिवावर पुन्हा करायला निघालो आहोत. हा आरोप मी जाणूनबुजून करीत आहे. पुरावा पुढे.

४/
आधी पार्श्वभूमी. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी बोइंग ७४७ पहिल्यांदा उडाले. त्याच्या डोक्यावरचा तो प्रसिद्ध उंचवटा कशासाठी, हे ठाऊक आहे? त्या काळी अशी समजूत होती की लवकरच प्रवासी स्वनातीत विमानांतून जाऊ लागतील आणि ७४७ मालवाहू म्हणून उरेल. मालासाठी नाक उघडता यावे म्हणून वैमानिकांची खोली वर चढवली गेली.
म्हणजे जगाने ज्या रूपाला आकाशातील ऐश्वर्याची खूण मानले, ते रूप माल भरण्याच्या सोयीतून जन्मले होते.

५/
१९७१ मध्ये एअर इंडियाने आपले पहिले ७४७ आणले. नाव ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके, आत राजवाड्याची सजावट, आणि जाहिरातही ‘आकाशातील राजवाडा’ अशीच.
मुंबईकरांना त्याचे अप्रूप वाटले, ते स्वाभाविक होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हेच विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. सर्व २१३ जण मृत्यू पावले. विमानाचा कल दाखवणारे एक उपकरण बिघडले होते, आणि अंधारात वैमानिकाला क्षितिज उमगले नाही.
या अपघाताचा दोष आकाराला देता येत नाही. पण राजवाडा म्हटल्याने विमान राजवाडा होत नाही, एवढे त्यातून दिसते.

६/
आता एक उलट चित्र. १९४९ साल. ३० जानेवारीपासून देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास एकाच ठिकाणी भेटत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत.
ते ठिकाण म्हणजे नागपूर. चंद्रपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर.

७/
डाकोटा काही मोठे विमान नव्हते. वीस-पंचवीस माणसे, दोन इंजिने, मागे टेकलेले शेपूट. पण त्या योजनेमुळे मद्रासला संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोचू लागले. देशाचा मध्य हा खरोखर मध्य ठरला, आणि त्यासाठी कोणाला जगातील सर्वांत मोठे विमान विकत घ्यावे लागले नाही. वेळापत्रक अचूक असावे लागले, एवढेच.
‘क्षमता’ या शब्दाचा हा अर्थ मनात ठेवून पुढे वाचा.

८/
आता ए-३८०. २७ एप्रिल २००५ रोजी फ्रान्समधील तुलूझ येथून पहिले उड्डाण. २५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर ते सिडनी पहिला प्रवासी फेरा.
लांबी सुमारे ७३ मीटर. पंखांचा पसारा ७९.८ मीटर. उंची २४ मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ५७५ टन. पंखांत आणि शेपटात मिळून तीन लाख लिटरहून अधिक इंधन. पल्ला सुमारे १५,००० किलोमीटर. प्रवाशांची प्रमाणित कमाल संख्या ८५३.
आपल्या हिशेबात सांगायचे तर सुमारे वीस एसटी बसगाड्या भरतील एवढी माणसे, एकाच वेळी हवेत.

९/
हा ८५३ चा आकडा कोठून आला? मार्च २००६ मध्ये हॅम्बर्ग येथे चाचणी झाली. विमानात ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी बसवले. अंधार केला. सोळा दारांपैकी आठ बंद ठेवली, आणि कोणती बंद असतील हे कोणालाही सांगितले नाही. नियम असा की नव्वद सेकंदांत सर्वजण बाहेर यायला हवेत.
सर्वजण ७८ सेकंदांत बाहेर आले.
ज्यांना हे विमान म्हणजे निव्वळ थाटमाट वाटतो, त्यांनी ही संख्या लक्षात ठेवावी. मी या विमानाचा शत्रू नाही.

१०/
रचनेची खरी कसोटी मात्र भूमितीत होती. कोणतीही वस्तू दुप्पट मोठी केली की तिचे पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. पंख उचलतात पृष्ठफळाच्या बळावर, वजन मात्र वाढते घनफळाबरोबर. म्हणून मोठे विमान म्हणजे लहान विमानाची फुगवलेली प्रत नसते. त्याचा प्रत्येक अवयव नव्याने विचारात घ्यावा लागतो.
ए-३८० च्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे ८४५ चौरस मीटर आहे. वजन आवरण्यासाठी मधल्या पंखपेटीत कार्बन तंतूंचे साहित्य वापरले, आणि वरच्या अंगावर ॲल्युमिनियम व काचतंतू यांचे थर चिकटवून केलेले नवे पत्रे.

११/
एवढे ओझे जमिनीवर टेकायचे कसे? चाके वाढवून. पुढे दोन आणि मुख्य भाराखाली वीस, अशी एकंदर बावीस चाके.
बाहेरची दोन इंजिने पंखांवर इतकी दूर बसली आहेत की सामान्य धावपट्टीच्या कडेबाहेर ती लोंबतात. तेथील माती-खडे उडून आत जाऊ नयेत म्हणून वेग रोखणारी उलट झोताची यंत्रणा केवळ आतल्या दोन इंजिनांना दिली आहे.
ही बारीक बाब वाटेल. पण याच बाबीत पुढच्या अपयशाचे बीज आहे : विमान इतके मोठे झाले की धावपट्टीची कडच त्याला धोक्याची ठरली.

१२/
आणि आता सर्वांत बोलका आकडा : ७९.८ मीटर.
आंतरराष्ट्रीय नियमांत विमानतळांचे वर्ग पंखांच्या पसाऱ्यावरून ठरतात, आणि सर्वांत वरच्या वर्गाची मर्यादा ८० मीटर. अभियंत्यांना याहून लांब आणि सडपातळ पंख हवे होते. लांब सडपातळ पंख इंधन वाचवतो. पण तसा पंख जगातल्या विमानतळांवर उभा राहू शकला नसता. म्हणून पंख आखूड आणि रुंद झाला. शिवाय तो पुढे येणाऱ्या आणखी मोठ्या भावंडासाठी बेतला होता. ते भावंड कधी जन्मलेच नाही. परिणामी या विमानाने आयुष्यभर थोरल्याचा अंगरखा वागवला.

१३/
कोणतेही विमान हवेत एकटे असते, पण जमिनीवर त्याला गाव लागते. ए-३८० ला लागते तीन किलोमीटरच्या आसपासची भक्कम धावपट्टी, रुंद वळणमार्ग, दोन्ही मजल्यांना जोडणारे पूल, आणि एका दमात पाचशे माणसांचे सामान बाहेर काढणारे पट्टे.
त्याच्या मागे उठणारे हवेचे भोवरे इतके प्रबळ असतात की त्याच्यासाठी ‘सुपर’ नावाचा वेगळा वर्ग करावा लागला. मागच्या विमानाला अधिक अंतर राखावे लागते. म्हणजे गर्दीच्या विमानतळावर जागा वाचवण्यासाठी जन्मलेले विमान त्याच विमानतळावर थोडी जास्त जागा अडवू लागले.

१४/
कारखान्यातली एक गोष्ट तर मराठी संसारालाही परिचित वाटेल. हे विमान अनेक देशांत तुकड्यातुकड्यांनी घडत होते. पंख ब्रिटनमध्ये, अंगाचे भाग जर्मनी आणि फ्रान्समध्ये, शेपटाचे भाग स्पेनमध्ये, जोडणी तुलूझमध्ये. विमानात सुमारे पाचशे किलोमीटर तारा. हॅम्बर्ग आणि तुलूझ येथे आरेखनाच्या एकाच संगणकप्रणालीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरल्या जात होत्या. जोडणीच्या वेळी तारांचे गुच्छ आखूड पडले!
सुमारे दोन वर्षांचा विलंब. जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान अडले ते थोड्याशा आखूड तारेपायी.

१५/
तरीही ते सुरक्षित होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० चे एक इंजिन हवेत फुटले. तुकड्यांनी पंख भेदला, तारा तुटल्या, यंत्रणा एकामागून एक निकामी होऊ लागल्या. विमानात ४६९ जण होते. वैमानिकांनी ते सिंगापूरला परत आणून उतरवले. एकालाही इजा झाली नाही.
रचनाकारांनी एकाला दोन, दोनाला तीन असे पर्याय ठेवले होते म्हणून हे घडले. त्यांच्या कौशल्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांना दिलेल्या कामाविषयी आहे.

१६/
ते काम काय होते? एअरबसचे गृहीतक असे : जग वाढेल, विमानतळ मात्र वाढणार नाहीत. म्हणून माणसे आधी लहान विमानांनी मोठ्या केंद्रात जमतील, तेथून अजस्र विमानाने दुसऱ्या मोठ्या केंद्रात जातील, आणि तेथून पुन्हा लहान विमानांनी पांगतील.
बोइंगचे गृहीतक उलटे : माणसाला वाटेत थांबायचे नसते. दोन इंजिनांचे, कमी इंधन पिणारे, दूर जाणारे मध्यम विमान दिले तर तो थेट जाईल. २०११ मध्ये ७८७ सेवेत आले. पुढे २०१५ मध्ये एअरबसनेच आपले दोन इंजिनांचे ए-३५० आणले आणि स्वतःच्या थोरल्या लेकराला घरातूनच प्रतिस्पर्धी उभा केला.

१७/
ए-३८० चा दर माणशी खर्च चांगला होता, पण विमान भरले तरच. भरलेल्या विमानात ते राजा, अर्ध्या रिकाम्या विमानात पांढरा हत्ती. मध्यम विमान रिकामे गेले तर एक फेरी कमी करता येते. अजस्र विमानाची अर्धी फेरी करता येत नाही.
१४ फेब्रुवारी २०१९ रोजी एअरबसने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. शेवटचे विमान डिसेंबर २०२१ मध्ये दिले गेले. एकंदर २५१ विमाने. त्यांपैकी १२३ एकट्या एमिरेट्सची. म्हणजे जवळजवळ अर्धे जग एका दुबईत सामावले होते.
सर्वांत आधी सेवेत आलेली काही विमाने जेमतेम दहा वर्षे उडून फ्रान्समधील तार्ब येथे सुटे भाग काढण्यासाठी मोडली गेली. बडा घर, पोकळ वासा.

१८/
येथे कोणी म्हणेल, ‘महामारीनंतर अनेक कंपन्यांनी ती परत बाहेर काढली की!’
खरे आहे. नवी विमाने वेळेवर मिळत नव्हती आणि प्रवासी मात्र परतले होते, म्हणून धूळ खात पडलेली ए-३८० पुन्हा उडाली. प्रवाशांना ती प्रियही आहेत : आवाज कमी, जागा अधिक, धक्के थोडे. पण मागणी परत आली तरी कारखाना परत आला नाही. भाड्याच्या घरात चार दिवस पाहुणे वाढले म्हणून कोणी वाडा बांधायला काढत नाही.

१९/
भारतात काय झाले? आपल्या आकाशात या विमानाला नियमित सेवेची परवानगीच जानेवारी २०१४ पर्यंत नव्हती. मग दिल्ली, मुंबई, हैदराबाद आणि बंगळूर या चार ठिकाणांसाठी ती दिली गेली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी सिंगापूरहून दिल्ली-मुंबईची सेवा सुरू झाली.
किंगफिशरने पाच ए-३८० मागवली होती. एकही आले नाही, आणि २०१२ मध्ये कंपनीची उड्डाणेच थांबली. एअर इंडियाचे शेवटचे ७४७ एप्रिल २०२४ मध्ये पंख हलवून निरोप घेत मुंबईहून कायमचे गेले. दीडशे कोटींच्या देशात, जेथे माणसांना तोटा नाही, तेथेही ‘सर्वांत मोठे’ टिकले नाही. मग ते राजुऱ्याला टिकेल?

२०/
आता आपल्या अंगणात येऊ.
चंद्रपूरजवळ मोरवा येथे एक छोटी धावपट्टी अनेक दशकांपासून आहे. एका बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, आसपास कोळशाच्या खाणी. ती वाढवता येत नाही. म्हणून राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्ती येथे नव्या विमानतळाचा प्रस्ताव आला. त्यात वनजमीन आली, आणि वनजमिनीबरोबर वाघाच्या येण्याजाण्याचा प्रश्न आला. गडचिरोलीसाठीही विमानतळाची चर्चा होत असते.
मी विमानतळाच्या कल्पनेला विरोध करीत नाही. मी त्या फलकावरच्या चित्राला विरोध करतो, कारण जमीन चित्राच्या मापाने मागितली जाते.

२१/
शेजारची दोन उदाहरणे पाहा. गोंदियाजवळ बिरसी येथे मोठी धावपट्टी आहे. २०२२ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, काही महिन्यांत थांबली, आणि २०२३ च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. धावपट्टी असली म्हणजे विमान येते असे नाही, आणि आले म्हणजे राहते असेही नाही.
अमरावतीजवळ बेलोरा येथे १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. विमान कोणते? पंखे फिरवीत येणारे, सत्तर-बहात्तर आसनांचे एटीआर. फलकावर हे विमान कोणी छापत नाही. पण अमरावतीला आले ते हेच.

२२/
आता गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला जिल्हा. सुमारे सत्तर टक्के भूमी वनाच्छादित. रेल्वे देसाईगंज म्हणजे वडशाला टेकते. तेथून जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंतच्या ५२ किलोमीटरच्या मार्गाचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. सिरोंचा जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागड जगापासून तुटते. तेव्हा आजाऱ्याला खाटेवर घालून, चार खांद्यांवर, पाण्यातून आणि चिखलातून न्यावे लागते.
या प्रवासाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. रुग्ण तेवढा वेळ तग धरेल का, यात मोजतात.

२३/
१ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अहेरी ते गर्देवाडा एसटी बस सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या भागात पहिली बस!
त्या दिवसाचा आनंद मला खोटा वाटत नाही. तो खराच होता. पण हिशेब मांडा. ए-३८० चा पहिला प्रवासी फेरा २००७ मध्ये झाला, शेवटचे विमान २०२१ मध्ये बाहेर पडले. म्हणजे जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान कल्पिले गेले, घडले, उडाले, आणि त्याचा कारखाना बंदही झाला, तेव्हा गर्देवाड्याला एसटी पोचायची होती.

२४/
आणि या जिल्ह्यात विमानविद्या उपयोगी पडत नाही असे मुळीच नाही. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवरची मतदान पथके हेलिकॉप्टरने जातात. चकमकीत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेतात आणि त्यामुळे जीव वाचतात. म्हणजे यंत्र आहे, वैमानिक आहेत, उतरण्याची जागा आहे, आणि हे जमते हेही सिद्ध झाले आहे.
मग हाच न्याय अडलेल्या बाळंतिणीला, सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला, मेंदूज्वराने तापलेल्या लेकराला नियम म्हणून का मिळू नये? अपवाद म्हणून नको, कोणाच्या ओळखीने नको. नियम म्हणून.

२५/
आक्षेप येईल : ‘म्हणजे आम्ही जन्मभर एसटीतच बसायचे का? मोठी स्वप्ने शहरांनीच पाहायची?’
या आक्षेपात दुखरी सत्यता आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. या जिल्ह्यांनी देशाला कोळसा दिला, वीज दिली, सागवान दिले, बांबू दिला, आता लोहखनिजही देत आहेत. त्यांनी मागितले तर त्यांना भिकारी म्हणू नये. माझे म्हणणे एवढेच : मागा, पण आपल्या मापाचे मागा. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा मागितला की देणाऱ्याचे फावते. तो वर्षानुवर्षे ‘शिवत आहोत’ एवढेच सांगतो.

२६/
दुसरा आक्षेप : ‘उद्योग यायचे तर विमानतळ हवाच.’
हवा असेल. मग तो बहात्तर आसनांच्या विमानाच्या मापाने, शक्यतो वनजमिनीबाहेर, ग्रामसभांना विचारून आणि वाघाचा रस्ता सोडून मागा. एटीआरला ए-३८० च्या निम्म्यापेक्षाही आखूड धावपट्टी पुरते. ही सवलत भौतिकशास्त्राने दिली आहे, ती नाकारू नका. आणि मोठ्या विमानांचे म्हणाल तर नागपूर जवळ आहे. तेथे मिहानमध्ये बोइंगने उभारलेले दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे. आपल्या मुलामुलींना त्या कारखान्यातले शिक्षण मिळणे हे फलकावरच्या विमानापेक्षा मोलाचे आहे.

२७/
म्हणून मागणीपत्र असे असावे.
एक : भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, कोरची, धानोरा येथील रुग्णालयांजवळ रात्रीही उतरता येईल अशी हेलिकॉप्टर-तळांची सोय.
दोन : पुराच्या पातळीवर पूल, म्हणजे आभाळाकडे पाहण्याची वेळच कमी येईल.
तीन : वडसा-गडचिरोली रेल्वे पूर्ण.
चार : विमानतळ करायचाच तर लहान विमानाचा, आणि किती प्रवासी मिळतील याचा हिशेब आधी जाहीर करून.
यांपैकी एकही मागणी छायाचित्रात शोभत नाही, हे मला मान्य आहे.

२८/
ए-३८० कडून शिकायचे ते हेच. पाचशे किलोमीटर तारा, बावीस चाके, आठ मजल्यांची उंची, ७८ सेकंदांची चाचणी, सर्व काही उत्तम. फक्त ‘हे कोणासाठी, आणि ते कोठे उतरेल?’ हा प्रश्न उशिरा विचारला गेला. १९४९ च्या नागपूरच्या डाकोटांनी तो आधी विचारला होता, म्हणून लहान असूनही त्या देशभर पोचल्या.
विमानाची क्षमता ते किती जणांना उचलते यावर मोजायची, तसेच ते कोणाला मागे ठेवून जाते यावरही मोजायची.

२९/
पुढच्या सभेत मंचाच्या मागे ते दुमजली विमान दिसले, तर वक्त्याला एवढेच विचारा : ‘साहेब, पर्लकोटेला पूर आलेला असताना रात्री दोन वाजता भामरागडच्या रुग्णाला यातले काय उपयोगी पडेल?’
उत्तर मिळाले तर येथे जरूर लिहा. नाही मिळाले तरी लिहा. त्याचीही नोंद इतिहासात व्हायला हवी.

धागा समाप्त. मतभेद असतील तर आकडे घेऊन यावे, स्वागत आहे.